पाणी कुठलं हाय?

आमच्या मामेसासऱ्यांनी जन्मभरात विश्वास ठेवला असेल तर तो फक्त सावलीवर, आणि तिच्यावरसुद्धा दुपारी बाराला नाही. बाकी देव, सरकार, डॉक्टर, दूधवाला, पंचांग, आगगाडीचं वेळापत्रक आणि सख्खे नातेवाईक हे सगळे त्यांच्या लेखी एकाच रांगेत उभे केलेले संशयित होते. नवी काडीपेटी घेतली की ते दुकानातच एक काडी ओढून पाहत आणि ती पेटली की म्हणत, "एक तं पेटली. बाकीच्याइचं काय?" घरात दोन पंचांगं असत. एका पंचांगावर विसंबायचं कसं, म्हणून दुसरं. दोन्हींत तिथी वेगवेगळी निघाली तर दोन्ही खोटी, आणि एकच निघाली तर ते डोळे बारीक करून म्हणत, "दोघं मिळालेले दिसून राहिले." एकदा ताप आला म्हणून नागपूरहून डॉक्टर आणला. त्याने थर्मामीटर पुढे केला, तर मामाजींनी तो आधी डॉक्टरांनाच तोंडात धरायला लावला. डॉक्टरांना ताप नाही हे सिद्ध झाल्यावर मामाजींचा डॉक्टरांवरचा संशय आणखीच वाढला. ताप नसलेल्या माणसाला तापातलं काय कळणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मामाजी आमच्या हिचे, म्हणजे वेणूचे मामा. वेणूचे वडील याच गावचे, पण ती पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळे ती आणि तिची आई मामाजींच्याच घरी राहत. ती त्यांना मामाजी म्हणे म्हणून सारं गावच मामाजी म्हणायला लागलं. हे गाव कोराडीच्या वाटेवर, एका नाल्याच्या काठी होतं. आमचंही थोडंसं शेत तिथे होतं. वडील नागपुरात एका वकिलाकडे कारकून आणि आमचं बिऱ्हाड धंतोलीत, पण सुट्टी लागली की आम्ही सगळे गावी. त्यामुळे मामाजींना मी लहानपणापासून ओळखत होतो. ते मात्र मला ओळखतात की नाही, हे लग्न होईपर्यंत मला कळलं नाही. दरवेळी वरपासून खालपर्यंत पाहून विचारत, "तू तोच काय?"

या सगळ्या संशयांचा मूळपुरुष म्हणजे पाणी. माणसाचं कूळ विचारावं तसं ते पाण्याचं कूळ विचारत. कोणाच्याही घरी गेले आणि यजमानाने गडू-पेला पुढे केला की त्याला हात लावण्याआधी पहिला प्रश्न, "पाणी कुठलं हाय?" विहिरीचं म्हटलं तर, विहिरीवर झाड कोणतं? नदीचं म्हटलं तर, कोणत्या अंगाचं, उन्हाच्या की सावलीच्या? उत्तर मनासारखं आलं नाही की ते काखेतला फिरकीचा तांब्या काढून स्वतःचं पाणी पीत आणि यजमानाच्या पाण्याने पाय धूत. एका लग्नात तर त्यांनी वरपित्याची अशी उलटतपासणी घेतली की जेवायला बसलेल्या पंगतीने हातातले पेले खाली ठेवले. आमच्या धंतोलीतल्या नळाविषयी त्यांचं मत विचारायचीच सोय नव्हती. मी एकदा त्यांना पटवायला गेलो, "मामाजी, नळीतून येतं म्हणजे ऊन लागतच नाही, सगळी सावलीच की." ते म्हणाले, "बाप्पा, लोखंडाच्या पोटातला तो अंधार हाय. अंधार अन् सावली एक नसते." काशीहून कोणी गंगाजलाची सीलबंद लोटी आणली, ती त्यांनी देवघरात ठेवून घेतली पण तोंडाला लावली नाही. गंगा पवित्र असेल, पण तिच्या काठावर झाडं कोणती आहेत हे पाहून आलेला माणूस त्यांना अजून भेटायचा होता.

आमचा नाला मात्र त्यांनी पाहिलेला होता, इंच न् इंच. आमच्या गावाच्या अंगाला त्याच्या दोन्ही काठांवर कहूची झाडं होती. कहू म्हणजे पुस्तकातला अर्जुन. पांढुरक्या गुळगुळीत सालीचा, पाण्यात पाय सोडून उभा राहणारा. मधूनमधून जांभूळ, करंज, उंबर. वरच्या गावाने आपल्या हद्दीतले काठ केव्हाच साफ केले होते, त्यामुळे वरून येणारं पाणी उघड्या काठांतून तापत येई आणि आमच्या हद्दीत शिरलं की कहूंच्या खाली थंडावे. हे मामाजींचं आवडतं प्रदर्शन होतं. पाहुणा आला की आधी त्याला चैत्राच्या उन्हात वरच्या हद्दीपर्यंत चालवत न्यायचं, तिथलं पाणी ओंजळीत घ्यायला लावायचं, दगडांवरचं हिरवं बुळबुळीत शेवाळ दाखवायचं, काठाची माती कशी ढासळून पाण्यात चालली आहे तेही दाखवायचं. मग परत खाली आणून मोठ्या कहूखालच्या डोहात हात घालायला लावायचा. तळाचे गोटे दिसत, बारीक मासोळ्या बोटांशी येत, आणि पाहुणा उन्हाने अर्धमेला झालेला असल्यामुळे त्याला ते पाणी अमृतच लागे. "पाण्याले ऊन लागलं की पाणी बिघडते," मामाजी म्हणत. "माणसाचं डोकं तापलं की तो काहीबाही बोलते ना, तसं पाणी तापलं की काहीबाही उगवते. मुळं माती धरून ठेवते, पानं ऊन धरून ठेवते. मंग पाणी आपल्या ठिकाणी राहते." इथवर सगळं ठीक होतं. पण मामाजी इथवर थांबत नसत. जांभळाखालचं पाणी पोटाला, करंजाखालचं कातडीला आणि कहूखालचं काळजाला, अशी त्यांनी वाटणी करून टाकली होती. उंबराखाली एका खबदाडात पानं कुजून पाणी काळंमिट्ट होत असे, ते दाखवलं की ते उंबराची बाजू घेऊन भांडत. तो दोष पानांचा नव्हताच. कोणीतरी मुद्दाम दगड टाकून तिथली धार अडवली होती, आणि तो कोणीतरी कोण याचाही त्यांना अंदाज होता.

मी कॉलेजात होतो तेव्हा माझ्या अंगात शास्त्र संचारलं होतं. मामाजींना पाण्याची चव खरंच कळते की नुसतं नाटक आहे, हे पाहायचं मी ठरवलं. वेणूला त्यांनी डोहावरून तांब्या भरून आणायला पाठवलं होतं. मी वाटेत तिला गाठलं, आणि तिची बरीच मनधरणी करून तांब्यातलं पाणी ओतून टाकलं आणि वरच्या हद्दीतलं भरून दिलं. खरं सांगायचं तर मनधरणी लांबवण्यात माझा शास्त्राखेरीज दुसराही हेतू होता. मामाजींनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला. तांब्याची फिरकी सावकाश लावली. मग माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "पाणी तं सावलीचंच हाय, पण हा पोट्टा उन्हातला दिसून राहिला." मी महिनाभर त्या वाक्याचा अर्थ लावत होतो. त्यांना चव कळली नाही की सगळंच कळलं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

असा माणूस रोज दुपारी जेवून नाल्याकाठी जातो आणि दिवस कलेपर्यंत पाण्याकडे बघत बसतो म्हटल्यावर लोकांनी तरी काय समजावं? संशय घेण्याची कला त्यांनी गावाला फुकट शिकवली होती आणि गाव ती त्यांच्यावरच वापरत होतं. कोणी म्हणे, भोसल्यांच्या वेळचा हंडा त्या मोठ्या कहूखाली पुरला आहे. कोणी म्हणे, काहीतरी करणी चाललेली आहे. खादीवाल्यांना ते सीआयडीचे वाटत, आणि एकदा खरोखरच सीआयडीचा एक माणूस येऊन दोन दिवस करंजाआड बसून गेला, कारण त्यांच्याकडे मामाजी खादीवाले असल्याची खबर होती. मामाजींनी त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी ते त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "इथी बसून राहिले तं बसा, पण पाण्यात थुकू नका."

आता या माणसाची गावात एक मोठी प्रतिष्ठा होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली तेव्हा घरोघरची जुनी माणसं गेली आणि घराण्याच्या कितीतरी गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या. त्यात मुख्य म्हणजे देवक. आमच्या लोकांत प्रत्येक घराण्याचं एक देवक असतं. कोणाचं झाड, कोणाचं पाखराचं पीस. लग्नात त्याची पूजा होते. ज्याचं देवक झाड असतं तो त्या झाडाला कुऱ्हाड लावत नाही, त्याचं लाकूड चुलीत घालत नाही. आणि दोन घराण्यांचं देवक एकच निघालं तर ते भाऊबंद झाले, त्यांच्यात सोयरीक होत नाही. तर साथीनंतर लग्न निघालं की माणसं विचारायला मामाजींकडे येत, कारण त्यांना सात पिढ्यांच्या कुळी तोंडपाठ आहेत अशी ख्याती होती. मामाजी डोळे मिटत, बोटांवर काहीतरी मोजत आणि सांगत, "तुमचं जांभूळ." "तुमचं करंज." आमच्या वडिलांच्या लग्नात त्यांनी सांगितलं, "तुमचं कहू." सगळ्यांनी मान डोलावली. जो माणूस काडीपेटीवर विश्वास ठेवत नाही त्याच्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, हे मी पुढेही पुष्कळ पाहिलं.

मग लढाई आली. पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या. कोराडीच्या वाटेवर धावणारी मोटारसुद्धा कोळसा खाऊन, धूर ओकत आणि चढावर उतारूंना ढकलायला लावून चालू लागली. कोळशाला लाकूड हवं, म्हणून नागपूरचा एक ठेकेदार गावोगाव झाडं विकत घेत फिरत होता. वरच्या गावात उरलीसुरली झाडं त्याने घेतली आणि आमच्या नाल्यावर आला. इथे ज्याचं शेत काठाला लागलेलं, त्याची तिथली झाडं. म्हणजे ज्याला त्याला विचारणं आलं. ठेकेदार भाव चांगला देत होता. पण पहिला शेतकरी म्हणाला, "कहू आमचं देवक हाय." दुसऱ्याचं जांभूळ देवक होतं आणि त्याच्या काठावर जांभळीच होत्या. तिसऱ्याचं पुन्हा कहू. ठेकेदार शेवटच्या शेतापर्यंत गेला आणि कपाळाला हात लावून मामाजींजवळ येऊन बसला. "इतकं धर्माचं गाव मी पाहिलं नाही," तो म्हणाला. मामाजी म्हणाले, "हो ना बाप्पा. मले बी नवल वाटून राहिलं." ठेकेदाराने गाव सोडलं नाही. शेजारच्या गावात बैलगाड्या उभ्या करून तो वाट पाहत राहिला.

नेमकं त्याच माघ महिन्यात माझ्या आणि वेणूच्या सोयरिकीची बोलणी निघाली. मला ही मुलगी मनापासून हवी होती आणि तिलाही मी नकोसा नव्हतो, हे त्या तांब्याच्या प्रकरणापासून दोघांनाही ठाऊक होतं. बैठक मामाजींच्या ओसरीवर बसली. सगळं सुरळीत चाललं होतं. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवससुद्धा ठरत आला होता. तेवढ्यात आमच्याकडच्या एका काकांनी रीत म्हणून विचारलं, "मुलीकडचं देवक कोनतं?" वेणूची आई आतून म्हणाली, "कहू." काका वडिलांकडे वळले. वडिलांचा चेहरा पडला. "आमचं बी कहूच," ते म्हणाले. सगळ्यांनी मामाजींकडे पाहिलं, कारण दोन्ही घरांना कहू त्यांनीच सांगितला होता. मामाजींनी तांब्या उचलला, फिरकी काढली, पुन्हा लावली आणि पाणी न पिताच खाली ठेवला. बैठक उठली. काका जाताना म्हणाले, "भाऊबंदातली पोट्टी. बरं झालं, वेळेवर समजलं."

त्यानंतरचे दिवस मला आजही नीट आठवत नाहीत, आणि आठवू नयेत असंच वाटतं. मी धंतोलीला परतलोच नाही. वेणू नाल्यावर दिसली तरी मान खाली घालून जाई, कारण आता मी तिचा भाऊ लागत होतो. मामाजी दिवसभर डोहाकाठी बसून असत आणि घरी आले तरी धड जेवत नसत. पुढे वेणूनेच मला सांगितलं की एका दुपारी ती त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेली, तेव्हा त्यांनी सवयीने विचारलं, "पाणी कुठलं हाय वं?" तिने सांगितलं, मोठ्या कहूखालचं. ते प्यायले. मग ती खाली बघत म्हणाली, "मामाजी, धंतोलीच्या घरी नळाचं पाणी हाय म्हणते. तुम्ही तिथी आले असते तं तुमच्यासाठी पाणी मी इथूनच मागवलं असतं." एवढंच बोलून ती उठली. त्या वेळी एका मुलीने याहून जास्त बोलायची सोयही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजींनी सगळ्या गावाला डोहाकाठी बोलावलं. पुरुष पुढे बसले, बाया पदर सावरून मागे करंजाखाली. मामाजी उभे राहिले आणि कोणाकडेही न बघता बोलू लागले. "मानमोडीनंतर ज्यानं ज्यानं मले देवक विचारलं, त्याले त्याले मी खोटं सांगितलं. मले काहीच ठाऊक नव्हतं. ज्याच्या काठावर जे झाड, ते त्याचं देवक, असं मी वाटून देल्लं. वेणूचं कहू नाही, या धंतोलीवाल्याइचं बी नाही. सोयरीक होऊ द्या."

मग कोणीतरी विचारलं, "पण काहून गा मामाजी?"

"काहून म्हंजे? तुमच्यावर भरोसा नव्हता. झाडं राखा म्हटलं असतं तं राखली असती काय? देवाले भेता, म्हणून देवाच्या नावानं सांगितलं. आता तुम्ही मोकळे. ठेकेदार पलीकडं बसूनच हाय."

पुरुषमंडळी एकमेकांकडे पाहू लागली. तेवढ्यात मागून माझी आजी म्हणाली, "आमचं देवक साळुंकीचं पीस हाय. माह्या लग्नात मीच पुजलं होतं." वडील चकित होऊन वळले. "मंग सांगितलं काहून नाही तू?" आजी म्हणाली, "विचारलं कोनं मले? तुम्ही मामाजीले विचारलं. अन् मले बी वाटलं, कहू म्हणते तं म्हणू द्या. कहू पडले तं उन्हाळ्यात धुणं कुठी धुवाचं, पाणी कुठून भराचं?" मग वेणूची आई पुढे झाली. तिच्या सासूने मरताना तिला सांगितलं होतं की देवक कळंब आहे. ते तिने आजवर सख्ख्या भावालासुद्धा सांगितलं नव्हतं, बैठक मोडली त्या दिवशीही ओठांवर आलेलं गिळून टाकलं होतं. मग तिसरी बोलली, चौथी बोलली. प्रत्येक घरातल्या म्हातारीला आपलं खरं देवक माहीत होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की मामाजींनी फक्त आपल्याच घराला खोटं सांगितलं, बाकीच्यांचं खरं असेल. आपण बोललो तर आपल्या काठावरची झाडं जातील आणि सावली तुटेल, म्हणून जी ती वीस-वीस वर्षं गप्प बसली होती. करंजाखाली हशा पिकला तो आवरेना. हसले नाहीत ते एकटे मामाजी. ते लाल होऊन म्हणाले, "म्हंजे तुम्ही सगळ्या मिळून मले फसवून राहिल्या होत्या?"

आमचं साक्षगंध त्याच आठवड्यात झालं. पण मामाजी साक्षगंधाला बसले तेही डोहाकडे तोंड करून. देवाचं भय गेलं की झाडं जातील, हा त्यांचा अंदाज अगदीच चुकला नाही. फाल्गुनात खालच्या टोकाच्या एकाने आपला एक कहू विकला. झाड मोठं होतं, पडताना पलीकडच्या काठापर्यंत गेलं. मामाजी फक्त रोज दुपारी त्या जागी जाऊन पाण्यात तळवा बुडवत आणि परत येत. चैत्र संपेपर्यंत तिथला डोह कोमट झाला, दगडांवर हिरवं चढलं, वास यायला लागला, आणि त्या बाजूच्या बाया घागरी घेऊन मोठ्या कहूकडे येऊ लागल्या. ज्याने झाड विकलं त्याच्या बायकोला तर घागर डोक्यावर घेऊन रोज अख्ख्या गावासमोरून जावं लागे. मग मात्र कोणी कुऱ्हाड काढली नाही. चांगुलपणाने असेलही. पण मी पाहिलं ते असं, की त्या उन्हाळ्यात जो तो दुपारी आपल्या काठावर येऊन बसू लागला आणि शेजाऱ्याच्या झाडाकडे डोळा ठेवू लागला. त्याने विकलं तर आपल्या पाण्याला ऊन लागेल, ही धास्ती प्रत्येकाला होती. सारं गाव मामाजी झालं होतं. ठेकेदार गाड्या घेऊन निघून गेला. मामाजींना विचारलं तर म्हणाले, "आता बरं वाटून राहिलं. कोनाचाच कोनावर भरोसा नाही, म्हणून झाडं उभी हाय."

वैशाखात आमचं लग्न लागलं. वेणूकडे कळंब पुजला, आमच्याकडे साळुंकीचं पीस. मामाजींनी मात्र आदल्या दिवशी कहूची एक डहाळी आणून दोन्ही मांडवांत अडकवली आणि कोणी विचारलं तर रागाने म्हणाले, "राहू द्या, काही बिघडत नाही." अंतरपाटामागे ते भाचीला धरून उभे होते तेव्हा त्यांच्या काखेत तांब्या होता. मंगलाष्टकं संपली, तांदूळ उधळले गेले आणि त्यांनी माझ्या कानाशी येऊन पहिल्यांदाच मला ओळख दिली. "जावईबापू," ते म्हणाले, "त्या दिवशीचं पाणी वरच्या हद्दीतलं होतं."

वेणूने आपला शब्द पाळला. लढाई संपल्यावर त्यांची छाती धरायला लागली आणि उपचारांसाठी आम्ही त्यांना धंतोलीला आणलं. सकाळच्या मोटारीने गावाहून फिरकीचा तांब्या भरून येई आणि रिकामा परत जाई. मामाजी पलंगावरून रोज विचारत आणि ती रोज सांगे. डॉक्टर बदलले, औषधं बदलली, तो प्रश्न बदलला नाही. पुढे पावसाळ्यात एकदा वाट वाहून गेली आणि मोटार आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तांब्या कोरडा पडला. त्या दुपारी मामाजींनी पाणी मागितलं. त्यांचा आवाज फार खोल गेला होता. वेणू स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिली. मी माठाकडे बोट दाखवलं. तिने माठातलं, नळाचं पाणी पेल्यात घेतलं, डोळे पुसले आणि ती बाहेर आली. मी दाराशी उभा राहून प्रश्नाची वाट पाहत होतो. ती खोटं बोलणार होती की खरं, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

मामाजींनी पेला घेतला. पेल्याकडे पाहिलं, मग वेणूकडे पाहिलं. काही विचारलं नाही. घोट घेतला, जुन्या सवयीने तोंडात घोळवला आणि गिळला. मग पेला रिकामा करून तिच्या हातात देत म्हणाले, "सावलीचं हाय वं." त्याच रात्री ते गेले.

वेणू म्हणते, शेवटी त्यांच्या जिभेची चव गेली होती. डॉक्टरही तसंच म्हणाले. असेल. पण वरच्या हद्दीतलं पाणी पिऊन ते कसे गप्प बसले होते, हे मला ठाऊक आहे. त्या दुपारीही त्यांना सगळं कळलं होतं, असा मला संशय आहे, आणि त्यांच्याकडून मिळालेला हा एक संशय मी कोणालाही फेडू देणार नाही.